सरकारे आणि कंपन्या एका टेबलावर: कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नियमनात बंधनकारक काय आणि शोभेचे काय

प्रश्न असा आहे: ब्लेचली, सोल, पॅरिस आणि नवी दिल्ली अशा चार ठिकाणी कृत्रिम बुद्धिमत्तेवर जागतिक परिषदा झाल्या, प्रत्येक वेळी सरकारांचे प्रतिनिधी आणि मोठ्या कंपन्यांचे प्रमुख शेजारी शेजारी बसले, निवेदने निघाली, यातून कोणावर काही बंधन आले का, आणि महाराष्ट्रातल्या एखाद्या खात्यात माहिती तंत्रज्ञानाचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याने या घडामोडींची दखल कशासाठी घ्यावी? तांत्रिक मानकांच्या समित्या आणि सरकारी खरेदीची सल्लागारी या दोन्ही कामांत माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्या आधारावर उत्तर देतो.

परिषदांच्या निवेदनांमुळे कायद्याने म्हणावे असे बंधन कोणावरही आले नाही. मात्र त्या निमित्ताने तीन गोष्टी उभ्या राहिल्या, ज्यांना काही ना काही धार आहे: मॉडेल (म्हणजे मजकूर किंवा उत्तरे तयार करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली) बाजारात येण्यापूर्वी सरकारी संस्थेला ते तपासू देण्याची प्रथा, आंतरराष्ट्रीय तांत्रिक मानके, आणि युरोपात कायद्याला जोडलेली आचारसंहिता. चौथी गोष्ट म्हणजे खरेदीचा करार. तो कोणत्याही परिषदेत ठरत नाही, तो खात्याच्या टेबलावर ठरतो, आणि माझ्या मते आपल्यासारख्या राज्याला कंपन्यांशी बरोबरीने बोलता येईल अशी तीच एक जागा आहे.

आधी या दोन्ही पक्षांना एकमेकांची गरज का पडते ते पाहू. अणुऊर्जा किंवा अवकाश संशोधन या क्षेत्रांत ज्ञान, यंत्रसामग्री आणि माणसे सुरुवातीला सरकारांकडे होती. खासगी उद्योग नंतर आला. इथे उलटे घडले. सर्वांत सक्षम मॉडेल मोजक्याच कंपन्यांच्या हातात आहेत, ती चालवण्यासाठी लागणाऱ्या चिप एनव्हिडियासारख्या एक-दोन कंपन्या आखतात, त्या प्रामुख्याने तैवानच्या टीएसएमसीत तयार होतात, आणि त्या तयार करण्यासाठी लागणारी, चिपवर सूक्ष्म आराखडे छापणारी अत्याधुनिक लिथोग्राफी यंत्रे नेदरलँड्सची एएसएमएल ही एकच कंपनी बनवते. ज्या वस्तूचे नियमन करायचे ती आतून कशी चालते हे नियामकाला कंपनीकडूनच समजून घ्यावे लागते. दुसऱ्या बाजूने कंपन्यांना जमीन, वीज, पाणी, निर्यात परवाने, डेटा आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सरकारी ग्राहक हवे असतात. सहकार्य या गरजेतून आलेले आहे, आणि म्हणूनच ज्या दिवशी एका बाजूची गरज कमी होते त्या दिवशी ते सैल पडते.

चाचणीच्या प्रथेपासून सुरुवात करतो, कारण परिषदांचे सर्वांत ठोस फळ तेच आहे. १ आणि २ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्रिटनमधल्या ब्लेचली पार्क येथे २८ देश आणि युरोपीय संघ यांनी घोषणापत्र स्वीकारले. त्यात अमेरिका आणि चीन दोघेही होते, भारतही होता. घोषणापत्राची भाषा सर्वसाधारणच होती. पण त्याच वेळी आघाडीच्या कंपन्यांनी आपली नवी मॉडेल तपासण्यासाठी सरकारांना देण्याची तयारी दाखवली आणि ब्रिटनने त्यासाठी स्वतंत्र सुरक्षा संस्था स्थापन केली. अमेरिकेने तशीच संस्था आपल्या राष्ट्रीय मानक संस्थेत, म्हणजे निस्टमध्ये सुरू केली. ऑगस्ट २०२४ मध्ये या अमेरिकन संस्थेने ओपनएआय आणि अँथ्रॉपिक या मॉडेल बनवणाऱ्या कंपन्यांशी करार केले आणि वर्षाअखेरीस दोन्ही देशांच्या संस्थांनी मिळून अँथ्रॉपिकचे क्लॉड ३.५ सॉनेट आणि ओपनएआयचे ओ१ या मॉडेलांची पूर्वतपासणी करून अहवाल प्रसिद्ध केले.

अशा तपासणीत काय होते हे नेमके समजून घ्यावे. तपासणाऱ्यांना मर्यादित काळासाठी मॉडेलपर्यंत प्रवेश मिळतो. सायबर हल्ल्याची कौशल्ये, जीवशास्त्रातले धोकादायक ज्ञान, स्वतंत्रपणे सॉफ्टवेअर लिहिण्याची क्षमता आणि धोकादायक उत्तरे रोखण्यासाठी कंपनीने घातलेले अडसर किती टिकतात, अशा ठरावीक विषयांवर ते प्रश्नसंच आणि कार्यसंच चालवतात. निष्कर्ष आधी कंपनीला कळवले जातात. मॉडेल बाजारात आणायचे की नाही हा निर्णय शेवटी कंपनीचाच राहतो, कारण या दोन्ही देशांत ही तपासणी ऐच्छिक करारावर उभी आहे. औषध नियामकाची परवानगी आणि ही तपासणी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि वृत्तपत्रांतल्या बातम्या वाचताना तो नेहमी निसटतो.

तरीही मी या प्रथेला किरकोळ समजत नाही. सरकारी नोकरीत बसलेली, पगार सरकारकडून घेणारी, आणि मॉडेलच्या आत काय चालते हे खरोखर समजणारी माणसे यापूर्वी जवळपास नव्हतीच. ती आता आहेत. नियमनाची क्षमता आधी माणसांत येते आणि मग कायद्यात.

तिची नाजूक बाजूही लपवण्यासारखी नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रिटिश संस्थेच्या नावातला ‘सेफ्टी’ हा शब्द जाऊन ‘सिक्युरिटी’ आला, जूनमध्ये अमेरिकन संस्थेचे रूपांतर मानके आणि नवोन्मेष केंद्रात झाले, आणि दोन्हींचा भर राष्ट्रीय सुरक्षा व स्पर्धात्मकता यांकडे वळला. त्याआधी जानेवारीत नव्या अमेरिकन अध्यक्षांनी पहिल्याच दिवशी मागच्या प्रशासनाचा कृत्रिम बुद्धिमत्तेवरील कार्यकारी आदेश रद्द केला होता. ऐच्छिक कराराला राजकीय ऋतू लागू होतो. सरकार बदलले की त्याचा अर्थ बदलतो, करार तोच राहिला तरी.

मे २०२४ मधल्या सोल परिषदेने कंपन्यांकडून थोडे पुढचे वचन घेतले. १६ कंपन्यांनी लेखी मान्य केले की धोक्याची कोणती पातळी असह्य मानायची हे त्या आधीच ठरवतील, त्याविषयीचा आराखडा पॅरिस परिषदेपूर्वी प्रसिद्ध करतील आणि धोका त्या पातळीखाली ठेवता येत नसेल तर मॉडेल विकसित किंवा उपलब्ध करणार नाहीत. यादीत अमेरिकन कंपन्यांबरोबर दक्षिण कोरियाच्या सॅमसंग आणि नेव्हर, अबू धाबीची जी४२ आणि चीनची झिपू याही होत्या, ही उल्लेखनीय गोष्ट. आराखडे आले, काही वेळेत, काही उशिरा, काही तपशीलवार आणि काही अगदीच मोघम. पातळी ठरवणारी कंपनी, ती ओलांडली का हे मोजणारीही कंपनी, आणि मोजमाप चुकले असे म्हणण्याचा कायदेशीर अधिकार कोणालाच नाही, अशी ही रचना आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये फ्रान्स आणि भारताच्या सहअध्यक्षतेखाली पॅरिसला परिषद झाली तेव्हा चर्चेचा सूर सुरक्षेकडून गुंतवणुकीकडे सरकला होता, आणि तिथल्या निवेदनावर अमेरिका व ब्रिटन यांनी सहीच केली नाही. फेब्रुवारी २०२६ च्या दिल्ली परिषदेने ‘परिणाम’ हा शब्द शीर्षकात घेतला तो याच प्रवाहात.

युरोपचा मार्ग वेगळा आहे आणि सार्वजनिक-खासगी सहकार्याचा मला सर्वांत शिकण्यासारखा वाटणारा नमुना तिथलाच आहे. युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्ता कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आला. सर्वसाधारण उपयोगाच्या मॉडेलांवरची कर्तव्ये कायद्यात ढोबळपणे लिहिलेली आहेत आणि ती पाळायची कशी हे सांगणारी आचारसंहिता नंतर तयार व्हावी, अशी योजना होती. ती लिहिण्याच्या प्रक्रियेत सुमारे एक हजार जणांनी भाग घेतला: कंपन्या, विद्यापीठे, प्रकाशक व लेखकांच्या संघटना, नागरी संस्था. मसुद्याची सूत्रे मात्र स्वतंत्र तज्ज्ञांच्या हाती होती आणि मॉडेल बनवणाऱ्या कंपन्यांसाठी चर्चेचे वेगळे सत्र होते. या वेगळ्या सत्रावर नागरी संस्थांनी टीका केली, आणि ती रास्त होती, कारण बाहेरच्यांना मसुदा मिळत होता आणि आतल्यांना मसुद्यामागचे तर्कही ऐकायला मिळत होते.

१० जुलै २०२५ रोजी संहिता प्रसिद्ध झाली. तिचे पारदर्शकता, कॉपीराइट आणि सुरक्षा असे तीन भाग आहेत. मेटाने सही करण्यास जाहीर नकार दिला. एक्सएआयने फक्त सुरक्षेच्या भागावर सही केली. बहुतेक मोठ्या अमेरिकन कंपन्यांनी आणि फ्रान्सच्या मिस्ट्रालने पूर्ण संहिता स्वीकारली. यातली गंमत अशी की सही केली नाही म्हणून कायद्यातून सुटका होत नाही. सही करणाऱ्याला अनुपालन दाखवण्याची सोपी वाट मिळते. सही न करणाऱ्याला तीच कर्तव्ये आपण दुसऱ्या मार्गाने पाळतो हे स्वतः सिद्ध करावे लागते. २ ऑगस्ट २०२६ पासून युरोपीय आयोगाला या मॉडेलांबाबत दंडाचे अधिकार मिळतात, आणि दंडाची कमाल मर्यादा जागतिक उलाढालीच्या ३ टक्के किंवा दीड कोटी युरो, यांतील जी जास्त ती आहे. सहकार्याच्या मागे दंड उभा असला की चर्चेला वेगळीच गती येते. मेटा सही नाकारू शकते, कायदा नाकारू शकत नाही.

अर्थात युरोपातही दबाव थांबलेला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये खुद्द आयोगानेच कायद्यातल्या उच्च-जोखीम प्रणालींवरच्या तरतुदी पुढे ढकलण्याचा प्रस्ताव मांडला. त्यामागे उद्योगांची मागणी होती तसेच एक साधे तांत्रिक कारणही होते: ज्या मानकांच्या आधारे अनुपालन मोजायचे ती मानके वेळेत तयार झाली नव्हती.

मानकांचा विषय कंटाळवाणा समजला जातो, आणि त्यामुळेच तिथे काय चालते याकडे फार कमी लोकांचे लक्ष असते. आयएसओ आणि आयईसी या आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या संस्थांची कृत्रिम बुद्धिमत्तेवरची संयुक्त उपसमिती, एससी ४२, २०१७ मध्ये स्थापन झाली. तिथे मतदान देशांचे असते, एका देशाला एक मत. पण देशाच्या शिष्टमंडळात बसतो कोण? बहुतेक वेळा मोठ्या कंपन्यांचे कर्मचारी. एकाच बहुराष्ट्रीय कंपनीची माणसे तीन-चार देशांच्या शिष्टमंडळांत असू शकतात, आणि त्यात नियमबाह्य काहीही नाही. भारताकडून हे काम भारतीय मानक ब्युरोच्या समितीकडे आहे. तिच्यात सरकारी संस्था, प्राध्यापक आणि उद्योगांचे प्रतिनिधी असतात.

या समित्यांतली खरी लढाई भाषणांत होत नाही, शेरे नोंदवण्याच्या तक्त्यात होते. मसुदा फिरवला जातो, आणि प्रत्येक देश तक्त्यात ओळी भरतो: देशाचा संकेत, कलमाचा क्रमांक, शेरा सर्वसाधारण आहे की तांत्रिक की संपादकीय, आक्षेप काय, आणि शेवटी त्याऐवजी कोणता मजकूर घालावा. पर्यायी मजकूर न देता नुसता आक्षेप घेतला तर तो सहसा ‘नोंद घेतली’ असे लिहून निकाली निघतो. एखाद्या मसुद्यावर शेकडो शेरे येतात आणि बैठकीत ते ओळीने घेतले जातात. ज्याने ओळ भरली आणि त्या दिवशी जो हजर होता त्याचे म्हणणे मानकात जाते. ‘करावे लागेल’ हे क्रियापद बदलून ‘करणे इष्ट’ असे झाले की एक कर्तव्य नाहीसे होते, आणि हा बदल तक्त्यातल्या एका ओळीने होऊ शकतो. कंपनी आपल्या माणसाला पगार आणि विमानाचे तिकीट देऊन वर्षभर हेच काम करायला लावते. आपल्याकडचे प्राध्यापक शिकवणे, परीक्षा आणि प्रकल्प सांभाळून उरलेल्या वेळात हे करतात. या विषमतेची बातमी कधी होत नाही, पण कोणत्याही जाहीरनाम्यापेक्षा तिचा परिणाम अधिक काळ टिकतो.

मानके ऐच्छिक असतात, मग त्यांचे एवढे महत्त्व का, असे कोणी विचारील. जागतिक व्यापार संघटनेच्या तांत्रिक अडथळ्यांविषयीच्या करारानुसार सदस्य देशांनी आपले तांत्रिक नियम शक्यतो आंतरराष्ट्रीय मानकांवर बेतणे अपेक्षित आहे. म्हणजे आज ऐच्छिक म्हणून संमत झालेला मजकूर उद्या आपल्या नियमांचा पाया होतो, आणि त्यापेक्षा कडक नियम करायचा तर आपल्यालाच समर्थन द्यावे लागते.

एक सावधगिरी इथेच सांगतो, कारण निविदांच्या छाननीत तिची गरज पडते. डिसेंबर २०२३ मध्ये आलेले आयएसओ/आयईसी ४२००१ हे व्यवस्थापन प्रणालीचे मानक आहे. त्याचे प्रमाणपत्र असे सांगते की संस्थेकडे जोखीम ओळखण्याची, जबाबदाऱ्या नेमण्याची आणि नोंदी ठेवण्याची पद्धत आहे. पुढ्यात ठेवलेले मॉडेल अचूक, निःपक्ष किंवा सुरक्षित आहे असे ते प्रमाणपत्र सांगत नाही. विक्रेते ते जणू उत्पादनाचे प्रमाणपत्र असल्यासारखे पुढे करतात आणि छाननी समिती गुण देऊन मोकळी होते.

संयुक्त राष्ट्रे आणि इतर मंचांविषयी थोडक्यात पुरे. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेची तत्त्वे २०१९ ची, युनेस्कोची नीतिविषयक शिफारस २०२१ ची, जी-७ देशांची हिरोशिमा आचारसंहिता ऑक्टोबर २०२३ ची. या शेवटच्या संहितेचे पालन कसे केले याचे अहवाल कंपन्या आता ओईसीडीकडे स्वेच्छेने देतात, आणि ते वाचण्यासारखे असतात. युरोप परिषद या युरोपीय संघाहून वेगळ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा करार सप्टेंबर २०२४ मध्ये सह्यांसाठी खुला झाला आणि या विषयावरचा तो पहिला बंधनकारक आंतरराष्ट्रीय करार आहे. मात्र खासगी कंपन्यांना तो थेट लागू करायचा की ‘इतर योग्य उपाय’ योजायचे हे त्याने प्रत्येक देशावर सोपवले, म्हणजे जिथे गरज सर्वाधिक तिथेच सैल सोडले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ऑगस्ट २०२५ मध्ये ४० सदस्यांचे स्वतंत्र वैज्ञानिक मंडळ आणि जागतिक संवाद अशा दोन यंत्रणा मंजूर केल्या. त्यांची उपयुक्तता ठरायला वेळ लागेल, पण जिथे सर्व देश बसतात असा दुसरा मंच नाही, हेही खरे.

आता भारत. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने इंडियाएआय मिशन या राष्ट्रीय कृत्रिम बुद्धिमत्ता कार्यक्रमाला पाच वर्षांसाठी १०,३७२ कोटी रुपये मंजूर केले. त्यातला संगणनशक्तीचा भाग सार्वजनिक-खासगी भागीदारीचा सरळ नमुना आहे: सरकारने स्वतः यंत्रे विकत घेतली नाहीत, खासगी सेवादार कंपन्यांना यादीत घेतले आणि संशोधक व स्टार्टअप यांच्यासाठी दरात अनुदान दिले. सुरुवातीचे लक्ष्य १०,००० जीपीयूंचे, म्हणजे मॉडेल घडवायला व चालवायला लागणाऱ्या प्रगत चिपांचे, होते. २०२५ मध्ये हा आकडा ३८,००० च्या वर गेला आणि अनुदानित दर तासाला सुमारे ६५ रुपयांवर आला. यादीतल्या सेवादारांत पनवेलजवळ मोठे डेटा केंद्र चालवणारी योट्टाही आहे, म्हणजे या मिशनचा एक पाय रायगड जिल्ह्यात आहे. मुंबईची आयआयटी ‘भारतजेन’ या बहुभाषिक मॉडेलांच्या प्रकल्पाचे नेतृत्व करते.

ही व्यवस्था चांगली चालली, पण ती कशावर उभी आहे याची जाणीव जानेवारी २०२५ मध्ये झाली. अमेरिकेच्या मावळत्या प्रशासनाने चिपच्या निर्यातीवर नवा नियम जाहीर केला. त्यात १८ मित्र देशांना मोकळीक होती आणि भारत त्या यादीत नव्हता, म्हणजे भारताला मिळणाऱ्या प्रगत चिपवर मर्यादा येणार होती. नियम अमलात येण्याच्या तोंडावर, मे २०२५ मध्ये, नव्या प्रशासनाने तो मागे घेतला. आपल्याकडे काहीच घडले नाही म्हणून विषय विसरला गेला. पण संयुक्त निवेदनांत आपल्याला भागीदार म्हणणारा देश त्याच महिन्यांत आपला पुरवठा मोजून देण्याचा विचार करत होता, हे नियोजन करणाऱ्याने लक्षात ठेवलेले बरे.

नियमनाबाबत भारताने नवा कायदा न करण्याचा मार्ग घेतला आहे. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांत विद्यमान कायदे वापरावेत, आंतरखाते गट नेमावा आणि जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या एआय सुरक्षा संस्थेने तांत्रिक बाजू सांभाळावी, अशी मांडणी आहे. मला हा मार्ग सध्यापुरता समंजस वाटतो, एका अटीवर: कायदा नसेल तर ती पोकळी करारांनी भरावी लागते. ती सध्या भरली जात नाही.

बारामतीचे उदाहरण घेऊ, कारण सहकार्य म्हणजे काय हे तिथे प्रत्यक्ष दिसते. तिथल्या कृषी विकास प्रतिष्ठानच्या कृषी विज्ञान केंद्राने मायक्रोसॉफ्टचे तंत्रज्ञान आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाचे संशोधन यांच्या मदतीने उसावर प्रयोग केला. शेतातले संवेदक, हवामान केंद्र आणि उपग्रहाची छायाचित्रे यांच्या आधारे पाणी, खत आणि रोगराई यांविषयीचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर मराठीत येतो. सरकारी अनुदानावर चालणारे विस्तार केंद्र, स्थानिक विश्वस्त संस्था, अमेरिकन कंपनी आणि ब्रिटिश विद्यापीठ अशी ही चौकडी. त्यानंतर राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये २०२५ ते २०२९ या काळासाठी कृषी क्षेत्राचे एआय धोरण मंजूर केले आणि ५०० कोटींची तरतूद केली. म्हणजे प्रयोग आता धोरण झाला, आणि धोरण झाल्यावर प्रश्न बदलतात. मातीच्या आणि पिकाच्या नोंदी कोणाच्या मालकीच्या? त्यांवर कंपनीला दुसरे उत्पादन घडवता येईल का? उत्पादन वाढल्याचा दावा सेवादाराने करायचा की कृषी विद्यापीठाने स्वतंत्र चाचणी प्लॉट घेऊन तपासायचा? पाच वर्षांनी दर दुप्पट झाले तर नोंदी घेऊन दुसरीकडे जाता येईल का? या प्रश्नांची उत्तरे सोलच्या वचननाम्यात सापडणार नाहीत.

चाचणीच्या बाबतीत हा फरक आणखी स्पष्ट होतो. देशोदेशींच्या सुरक्षा संस्थांच्या जाळ्याने सिंगापूरच्या पुढाकाराने बहुभाषिक संयुक्त चाचणी केली. दहा भाषांत एकच भारतीय भाषा होती, तेलुगू. सिंगापूरच्याच आणखी एका आशियाई उपक्रमात भारताकडून हिंदी होती. मराठी या दोन्ही याद्यांत नव्हती. या चाचण्यांतून पुन्हा पुन्हा दिसते की इंग्रजीत घातलेले अडसर इतर भाषांत तितके टिकत नाहीत, आणि उत्तरे तपासायला दुसरे मॉडेल बसवले तर त्याच्यावर भाषा जाणणाऱ्या माणसाची नजर लागतेच.

मराठीतली चाचणी म्हणजे इंग्रजी प्रश्नांचे भाषांतर नव्हे. फवारणीचा प्रश्न घ्या. शेतकरी विचारतो, ‘एका पंपाला किती टाकू?’ त्याचा पंप पाठीवरचा, पंधरा-सोळा लिटरचा. मॉडेलने लेबलावरची हेक्टरी मात्रा सांगितली तर आकडा बरोबर असूनही सल्ला घातक ठरू शकतो. आणि मॉडेलने स्वतः भागाकार करून पंपाची मात्रा काढली तर किती लिटरचा पंप धरला हे त्याने सांगितले का, हे पाहावे लागते. पुढचा प्रश्न येतो, ‘दोन औषधं मिसळून मारली तर चालतील का?’ त्यापुढचा, ‘फवारल्यावर चक्कर येतेय.’ या तिसऱ्या वाक्यावर मॉडेलने शेतीचा सल्ला थांबवून कपडे बदला, अंग धुवा, बाटलीचे लेबल घेऊन ताबडतोब दवाखान्यात जा, असे सांगितलेच पाहिजे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते. आंतरराष्ट्रीय प्रश्नसंच जैविक अस्त्रांपर्यंत जातात. पाठीवरच्या पंपाची मात्रा त्यांच्या यादीत असण्याचे कारण नाही, ती आपण घालायची. त्यासाठी फार पैसा लागत नाही. कृषी सहायक, तालुक्याचे डॉक्टर आणि मराठीत काम करणारे संगणकतज्ज्ञ यांनी एकत्र बसून असे काही शे प्रश्न, अपेक्षित उत्तरांसह, तयार केले तर तो संच सुरक्षा संस्थेला आणि कंपन्यांना दोघांनाही देता येईल. परदेशी जाळ्यात आपण बरोबर काय घेऊन जातो, यावर तिथे आपले म्हणणे किती ऐकले जाते ते अवलंबून असते.

खात्याने करारात काय मागावे, हा प्रश्नाचा व्यवहारी भाग. सर्वांत जास्त दुर्लक्षित कलम आवृत्तीबदलाचे आहे. आपण निविदेच्या वेळी प्रात्यक्षिक पाहतो ते एका मॉडेलचे; सहा महिन्यांनी क्लाउडच्या पलीकडे मूळ कंपनी ते मॉडेल बदलते किंवा बंद करते, आणि मधल्या भारतीय सेवादारालाही ते उशिरा कळते. म्हणून करारात लिहावे की वापरात असलेल्या मॉडेलचे नाव व आवृत्ती कळवली जाईल, बदलापूर्वी ठरावीक दिवसांची सूचना मिळेल, आणि खात्याचा मराठी प्रश्नसंच नव्या आवृत्तीवर चालवून निकाल मान्य झाल्याशिवाय बदल लागू होणार नाही. मूळ कंपनी मधल्या सेवादाराला अशी सूचना देत नसेल तर ते निविदेच्या आधीच उघड होते, आणि तेच हवे असते.

दुसरे, नोंदी. नागरिकाने काय विचारले आणि यंत्राने काय उत्तर दिले याची नोंद खात्याच्या ताब्यात राहिली पाहिजे, नाहीतर तक्रार आल्यावर पुरावा सेवादाराकडे मागावा लागतो. मात्र नोंद म्हणजे वैयक्तिक माहिती, आणि डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत. मुख्य कर्तव्ये अठरा महिन्यांनी लागू होतात. आज पाच वर्षांचा करार करणाऱ्या खात्याने ती आज लागू आहेत असे धरूनच मसुदा करावा. तिसरे, बाहेर पडण्याची वाट: करार संपल्यावर डेटा कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत आणि कोणत्या खर्चात परत मिळेल. चौथे, वादाचा न्यायाधिकार. सेवादाराच्या ठरावीक अटींत तो परदेशातला असतो आणि आपल्याकडे अनेकदा त्या अटी परिशिष्ट म्हणून न वाचता जोडल्या जातात.

कंपनी एवढे मान्य करील का, अशी शंका मला नेहमी विचारली जाते. एका तालुक्याच्या प्रायोगिक प्रकल्पासाठी करणार नाही. संपूर्ण राज्याच्या मागणीसाठी बहुधा करील, आणि चार राज्यांनी एकच नमुना करार वापरला तर नक्कीच करील, कारण त्याच कंपन्या युरोपात यापेक्षा अधिक गोष्टी आधीच देत आहेत. युरोपीय संहितेखाली मॉडेलचे जे दस्तऐवज त्यांना तयार ठेवावे लागतात ते मागण्यापासून सुरुवात करता येते; विक्रेत्याला त्यासाठी नवे काम करावे लागत नाही, त्यामुळे ‘आमच्या धोरणात बसत नाही’ हे उत्तर टिकत नाही. तुमच्या खात्याची पुढची निविदा अजून मसुद्याच्या टप्प्यात असेल तर बोलीपूर्व बैठकीच्या आधीच ही मागणी विनिर्देशांत घाला. बैठकीनंतर शुद्धिपत्रकाने घातली तर विक्रेते मुदतवाढ मागतात आणि वित्त विभाग मार्चअखेरचे कारण सांगून ती गाळायला लावतो.